येथे लिहू नये

“काथ्या म्हटलं होतं मी. वीट नाही,” असं म्हणत देवश्रीनं सोमेश्वरच्या हातातला विटेचा तुकडा काढून घेतला.

सोमेश्वरनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं ‘पिंटू’ गेलं होतं हे खरं, पण पिंटूबरोबर भिंतीचा रंगही गेला होता आणि आतलं सिमेंट उघडं पडलं होतं. आता तिथं पुट्टी भरा, ती वाळू द्या, पॉलिश पेपरनं घासा आणि मग पुन्हा रंगाचा हात मारा. म्हणजे एका पिंटूपायी अख्खा दिवस. “निघाल्याशी मतलब,” तो म्हणाला, आणि पुनम इतकी हसली की तिच्या हातातली बादली कलंडली.

पुनम आणि सोमेश्वर बोरदरीचे. जवळा बाजारहून आत वळलं की सहा-सात किलोमीटरवर हे गाव लागतं. देवश्री हिंगोलीची. ती आठवीत जाणार होती आणि मे महिन्यात आजोबांकडे आली होती. तिचे आजोबा बंडोपंत हिंगोलीला कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले, महादेवाच्या देवळाची पूजा सांभाळू लागले, आणि गावात कुणाचंही काही अडलं की लोक ‘पंतांना विचारा’ असं म्हणू लागले. नातीचंही तसंच होतं. फरक एवढाच, की तिला कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची.

या सुट्टीत तिघांच्या मागे एक मोठं काम लागलं होतं. तालुक्यातल्या सुंदर शाळा निवडणारी समिती अठ्ठावीस मेला येणार होती. सुट्टीत शाळा बघायला यावं हे समितीलाच सुचू शकतं, पण येणार म्हणजे येणार. गेल्या वर्षी बोरदरीच्या शाळेचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि तो भिंतींमुळे हुकला हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढच्या भिंतीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या, बाजूच्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेली नावं, बाण घुसलेले बदाम, आणि वर कुठल्याशा क्लासची चिकटवलेली जाहिरात. म्हणून यंदा मुख्याध्यापिका सरलामॅडमनी स्वतः उभं राहून सगळी शाळा फिकट पिवळ्या रंगात रंगवून घेतली. मागच्या भिंतीवर त्यांनी आपल्या हातानं मुळाक्षरं काढली. क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा. अशा भिंतीला बोलकी भिंत म्हणतात. सुट्टीत नांदेडला जाताना मॅडम उरलेले रंगाचे डबे पुनमच्या ताब्यात देऊन गेल्या आणि बजावून गेल्या, अठ्ठावीस तारखेला मला भिंती अशाच दिसल्या पाहिजेत.

मॅडमची पाठ वळली आणि तिसऱ्याच दिवशी ‘पिंटू’ उगवला.

पण तिघं हळूहळू या कामात तरबेज झाले. खडू ओल्या फडक्यानं जातो, पेन्सिल खोडरबरानं. पिचकारीला धुण्याचा सोडा आणि काथ्या लागतो. ऑइलपेंटला टर्पेंटाइन, आणि तेही फडक्यावर घेऊन कडेकडून मध्ये पुसत यायचं, नाहीतर डाग पसरतो. कोरलेलं मात्र जात नाही, ते भरून काढावं लागतं. हे सगळं देवश्रीनं वहीत नीट लिहून ठेवलं होतं. तिचं अक्षर फार सुंदर होतं, आणि ते सुंदर आहे हे तिला चांगलंच माहीत होतं.

तहान लागली की ती तिघं केशरमावशींकडे जायची. शाळेला लागूनच त्यांचं पत्र्याचं घर होतं. शाळेत खिचडी शिजवायचं काम त्यांचं, सुट्टीत झाडांना पाणी घालायचंही त्यांचंच. वीस वर्षांत गावातल्या जवळजवळ प्रत्येक लेकरानं त्यांच्या हातचं खाल्लं होतं. मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर होते, म्हणून सहा वर्षांची नात पुजा त्यांच्याजवळ असायची. ती यंदा पहिलीत जाणार होती. समिती येणार त्याच दिवशी मॅडम नव्या मुलांचे अर्ज भरून घेणार होत्या. मॅडम गावाला निघाल्या तेव्हा मावशींनी त्यांना दोनदा विचारलं होतं, अर्जावर पालकाची सही लागती का? मॅडम घाईत होत्या. सही करा नाहीतर अंगठा द्या, दोन्ही चालतं, असं म्हणून त्या एसटीत बसल्या. पुनम तेव्हा शेजारीच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ती विसरून गेली.

*

पंधरा तारखेला मागच्या भिंतीवर तो ‘क’ सापडला.

मॅडमनी रंगवलेल्या ‘क’च्या बरोबर खाली, कोळशानं काढलेला, वीतभर उंचीचा, एका अंगाला झुकलेला. एक नाही, सात ‘क’ होते. तिघांनी ते फडक्यानं पुसले. कोळसा पुसला की काळी भुकटी पसरते, म्हणून पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा कोरडं फडकं. तास गेला. दुसऱ्या दिवशी तिथं ‘ख’ होता. तिसऱ्या दिवशी ‘ग’.

हे पिंटूसारख्यांचं काम नव्हतं. ज्याला भिंत खराब करायची असते तो आपलं नाव लिहितो, कुणाच्या तरी नावापुढं कुणाचं तरी नाव लिहितो. रोज एक अक्षर कोण लिहील? सोमेश्वरचं म्हणणं पडलं की ही म्हशी चोरणाऱ्या टोळीची खूण आहे. क म्हणजे कदमाची म्हैस, ख म्हणजे खंदाऱ्याची.

“आणि ग म्हणजे?” पुनमनं विचारलं.

“गायकवाडाची.”

“गायकवाडाकडं म्हैसच न्हाई. दोन शेळ्या हायत.”

“मग त्याह्यचा अभ्यास कच्चा हाय,” सोमेश्वर म्हणाला.

देवश्री मात्र हसली नाही. तिनं वहीत संशयितांची यादी केली. शाळेकडे कोण कोण येतं, कोण रिकामटेकडं आहे, कुणाकडे कोळसा मिळेल. दुकानदार, इस्त्रीवाला, पिंटू, पिंटूचा भाऊ. केशरमावशींचं नाव पुनमनं सुचवलं, कारण चूल त्यांची आणि कोळसाही त्यांचाच. देवश्रीनं ते लिहिलं आणि लगेच खोडलं. मावशींना अक्षरओळखच नव्हती. खिचडीच्या वहीतसुद्धा त्या अंगठा उठवायच्या. ज्याला लिहिता येत नाही तो भिंतीवर कसा लिहील, हा देवश्रीचा मुद्दा होता, आणि तो दोघांनाही पटला.

मग देवश्रीनं ठरवलं, आता लेखी ताकीद द्यायची. तिनं तांबड्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि मुळाक्षरांच्या खाली, मोठ्या वळणदार अक्षरांत रंगवलं: येथे लिहू नये.

सोमेश्वर मान वाकडी करून बघत राहिला. “लिहू नये म्हणून आपुनच लिहायचं?” त्यानं विचारलं. देवश्री ब्रश धुवायला निघून गेली. प्रश्न चांगला होता, पण त्या वेळी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या तांबड्या ओळीखाली कोळशानं तीच ओळ लिहिलेली होती. अक्षरं लहानमोठी, मात्रा भलत्या बाजूला कललेल्या, ‘लि’ची वेलांटी सुटून कडेला पडलेली. एकदा नाही, चारदा.

देवश्रीचे कान लाल झाले. कुणीतरी तिच्या अक्षराची नक्कल करून तिला वेडावत होतं, आणि तेही अख्ख्या गावात आजोबांच्या नावाला मान असताना. “आता याला सोडायचं नाही,” ती म्हणाली. त्या क्षणापासून तिला भिंतीपेक्षा तो माणूस महत्त्वाचा वाटायला लागला. चूक नेमकी कुठून सुरू झाली असं पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि उत्तर दरवेळी इथंच येऊन थांबायचं.

*

पहिला सापळा पुनमचा होता. भिंत पिवळी, हळदही पिवळी. त्या ओळीच्या आसपास हळदीची पूड चोळून ठेवायची. लिहिणारा भिंतीला एक हात टेकणारच, आणि त्याचा तळवा पिवळा होणार. मग देवळापुढं हात धुवायची मोहीम काढायची. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे हळदीच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याचे हात लाल, तो चोर.

गळाला मासा लागला. भिंतीवर ओळ उमटली होती आणि शेजारी हाताचा पुसटसा ठसाही होता. तिघांनी देवळापुढं बादली आणि साबण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात धुवायला सुरुवात केली. पहिल्या माणसाचे हात लाल झाले. दुसऱ्याचेही झाले. बावीस माणसांपैकी एकोणिसांचे हात लालभडक, कारण गावाची हळद शिजवून, वाळवून, घासून नुकतीच बाजाराला निघाली होती आणि हळदीत हात न घातलेला माणूस सापडणं मुश्कील होतं. त्यांतच आले बंडोपंत. त्यांनी नुकतीच पूजा आटोपली होती. त्यांचेही हात लाल झाले, आणि सोमेश्वर अदबीनं म्हणाला, पंत, तुम्ही परवा दुपारी कुठं होता?

पंत पोट धरून हसले. केशरमावशीही पाण्याची घागर घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनीही हात धुतले, त्यांचेही लाल झाले, आणि त्याही सगळ्यांबरोबर हसल्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी एकच उपाय राहिला. दबा धरून बसायचं. अक्षरं रोज दुपारी उमटायची, गाव जेवून आडवं झालेलं असताना. शाळेमागं कडब्याची गंजी होती. तिच्या आडून भिंत नीट दिसायची. देवश्रीनं आजोबांकडून शिट्टी मागून घेतली. शिट्टी वाजली की पंतांनी आणि देवळाच्या पारावर लवंडलेल्या मंडळींनी धावत यायचं, असं ठरलं. पारावरच्या लोकांना तेवढाच विरंगुळा हवा होता.

तेवीस मे. ऊन असं की गंजीच्या सावलीतही अंगाची लाही होत होती. सोमेश्वर म्हणाला, चोरालासुद्धा उन्हाची तकलीफ होत असंल की. पुनमनं त्याला गप्प केलं, कारण कोणीतरी येत होतं.

लुगड्याचा पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेली एक बाई. पाठमोरी. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कमरेच्या ओच्यातून कोळसा काढला आणि ती भिंतीपुढं उभी राहिली. लगेच लिहायला लागली नाही. आधी तिनं देवश्रीच्या तांबड्या अक्षरांवरून बोट फिरवलं, हळूहळू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग डावा हात भिंतीला टेकला आणि ती लिहू लागली. एकेका अक्षराला ती मागे सरकून बघायची, मान हलवायची, पुन्हा पुढं व्हायची.

पुनमनं त्या हातातल्या हिरव्या बांगड्या ओळखल्या. “देवश्री, थांब,” ती कुजबुजली. “केशरमावशी हाय ती. नको वाजवू.”

देवश्रीनं ते ऐकलं होतं. पुढं तिनं कधीही, कुणापाशीही, ऐकू आलं नाही असं सांगितलं नाही. तिनं ऐकलं, तिला कळलं, आणि तरी शिट्टी वाजवली. इतके दिवस जिची वाट पाहिली ती वेळ आली होती, आणि शिट्टी ओठांतच होती.

*

माणसं पळत आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पायात एकच चप्पल. पुढं बंडोपंत, धोतर सावरत. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कोळसा हातातच होता, तो टाकायचंही त्यांना सुचलं नाही.

देवश्री गंजीमागून बाहेर आली. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं दोन दिवस घोकलेलं वाक्य तिच्या तोंडून सुटलं.

“एवढं मोठं लिहिलंय, येथे लिहू नये. वाचता येत नाही का तुम्हाला?”

“न्हाई येत, माय,” मावशी म्हणाल्या.

मग मागून कोणीतरी हसलं. “केशरबाई मास्तरीण व्हायली व्हय या वयात?” एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, आता खिचडी मॅडम करतील आणि शिकवायला केशरबाई जातील. हसू पसरत गेलं. तसं पाहिलं तर त्यात वैर नव्हतं, हीच माणसं मावशींच्या घरी सुखदुःखाला जायची. दुपारची झोपमोड झाली होती आणि समोर गंमत होती, एवढंच. पण ज्याला हसतात त्याला हा हिशेब कळून उपयोग नसतो.

बंडोपंतांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते रागावले नव्हते. समिती पाच दिवसांवर आली आहे, शाळेत काम करणाऱ्यांनीच असं केलं तर मुलांनी काय शिकायचं, एवढंच ते म्हणाले, आणि भिंत स्वच्छ करून टाका असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी देवश्रीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शाबास.

मावशींनी बादली आणली. साबण आणला. त्या सगळ्यांदेखत भिंत धुवायला बसल्या. पुनम मदतीला पुढं झाली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आपण लिहिलेलं सगळं त्यांनी असं पुसलं की तिथं कधी काही होतं हेही कळू नये. इतकं नीट काम तिघांना इतक्या दिवसांत एकदाही जमलं नव्हतं.

लोक पांगले. सोमेश्वरला घरी जाईपर्यंत एकही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुजा शाळेच्या पायरीवर एकटीच खडे खेळत होती. पुनम तिच्याजवळ बसली. आजी कुठं आहे, काय करते, असं विचारता विचारता सगळं बाहेर आलं. अर्जावर सही लागती, म्हणून आजी शिकून राहिली होती. पुजाच्या मैत्रिणीच्या आईला सही येते. आजी म्हणाली, तुह्या कागदावर अंगठा न्हाई उठवायची मी. अंगणवाडीच्या ताईला विचारायची तिला लाज वाटली. मॅडम एकदा पोरांना सांगत होत्या, सगळी अक्षरं आली की नाव आपोआप येतं. म्हणून तिनं ‘क’पासून धरलं. रोज एक.

“आन् मग तुमी तांबडं लिहिलं ना,” पुजा म्हणाली, “तवा आजी लई खूश झाली. म्हन्ली, कुनीतरी माह्यासाठी मोठ्या अक्षरात धडा घालून देऊन राहिलं.”

पुनमनं हे दोघांना सांगितलं तेव्हा देवश्री देवळाच्या पायरीवर बसली होती. ‘ग’पर्यंत आलेली बाई देवश्रीची ओळ बघून ‘घ’ सोडून तिकडे वळली होती. वेडावण्यासाठी नाही. तिला ती ओळ गावात कुणीतरी आपल्यासाठी केलेली मदत वाटली होती. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं होतं. आणि त्या ओळीचा अर्थ काय होता, हे तिला देवश्रीनंच साऱ्या गावासमोर सांगितलं होतं.

“मला मॅडम एसटीत बसताना ठाऊक होतं,” पुनम म्हणाली. “सहीचं. माह्या ध्यानातच न्हाई आलं.”

*

तिघं मावशींकडे गेली. मावशींनी त्यांना पाणी दिलं, भुईमुगाच्या शेंगा पुढं ठेवल्या. देवश्रीनं माफी मागितली. मावशी म्हणाल्या, तुमचं काय चुकलं, भिंत घाण झाली तर पुसावीच लागंल. त्या रागावल्या असत्या तर देवश्रीला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, अजून चार दिवस आहेत, मी तुम्हाला शिकवते, फक्त ‘केशर’ एवढंच, तीन अक्षरं. मावशी हसल्या आणि चुलीतलं लाकूड सारखं करू लागल्या. आता कशाला, त्या म्हणाल्या. काम पडलंय लई.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. मावशी कधी झाडांना पाणी घालत असायच्या, कधी दळण आणायला गेलेल्या. बोलायच्या प्रेमानं, पण हातात कोळसा घेतला नाही, पेन्सिलही घेतली नाही.

मधल्या वेळात देवश्रीनं आपली तांबडी ओळ काढायला घेतली. टर्पेंटाइन, फडकं, कडेकडून मध्ये. तिनं हे आता शंभरदा केलं होतं. पण ऑइलपेंट पुरता मुरला होता. आख्खी दुपार घासूनही ‘येथे लिहू नये’ फिकट गुलाबी होऊन भिंतीत राहिलंच. वरून रंगाचे दोन हात दिले तरी उन्हात तिरपं पाहिलं की ते दिसायचं. एवढ्या दिवसांत त्या भिंतीवर लोकांनी जे जे लिहिलं होतं ते सगळं गेलं, देवश्रीचं गेलं नाही.

सोमेश्वरनं एक युक्ती काढली. मॅडमना फोन करून विचारलं आणि मुळाक्षरांच्या बाजूला भिंतीचा एक मोठा चौकोन काळा रंगवला, फळ्यासारखा. ज्याला लिहायचंय त्यानं इथं लिहावं, म्हणजे बाकीच्या भिंतीला कोणी हात लावणार नाही. देवश्रीनं त्यावर खडूनं टिंबाटिंबांनी ‘केशर’ काढलं, नुसतं गिरवायचं बाकी ठेवून. खाली खडूचे तुकडे मांडून ठेवले.

दिवसभर टिंबं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुजानं त्यांच्यावर एक कोंबडी काढली.

*

अठ्ठावीस तारखेला समिती आली. तिघे साहेब आणि एक बाई. त्यांनी वर्ग पाहिले, नळ पाहिले, भिंती तर हात फिरवून पाहिल्या. काळा चौकोन त्यांना फारच आवडला. भिंत वाचवायची तर लिहायला जागा द्यावी, हे मोठ्यांना सुचत नाही, असं समितीतल्या बाई म्हणाल्या. सोमेश्वर कानापर्यंत हसला आणि मग त्याला आठवलं आणि तो थांबला.

व्हरांड्यात सरलामॅडम नव्या मुलांचे अर्ज भरत होत्या. देवश्रीनं त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण घाईघाईनं एसटीत बसलेल्या त्याच होत्या. आता पुजाचा अर्ज पुढं आला तेव्हा त्यांनी शाईचा डबा बाजूला सारला आणि पेन पुढं केलं.

“मावशी, सही करता ना? कशी का येईना. मी धरते तुमचा हात.”

केशरमावशींनी पेनाकडे पाहिलं. पुजानंही पाहिलं. देवश्री खांबाला धरून उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, घ्या, मावशी, घ्या ना.

“न्हाई बाई,” मावशी म्हणाल्या. “अंगठाच घ्या. माह्या हातानं लेकराचा कागद घाण व्हईल.”

त्यांनी अंगठा शाईच्या गादीवर टेकवला आणि पुजाच्या अर्जावर, पालकाची सही असं जिथं छापलं होतं तिथं, काळजीपूर्वक उमटवला. ठसा मात्र सुरेख आला.

तेवढ्यात बंडोपंतांचा आवाज लाऊडस्पीकरवरून घुमला. समितीनं पाहिलेली ही शेवटची शाळा होती, म्हणून निकाल तिथंच लागला, आणि बोरदरीची शाळा तालुक्यात पहिली आली होती. समितीच्या साहेबांनी खास करून तीन मुलांची नावं घेतली. भिंती कशा धुतल्या, पाळत कशी ठेवली, आणि भर उन्हात रोज भिंत खराब करणाऱ्याला कसं पकडलं, ते पंतांनी रंगवून सांगितलं. मावशींचं नाव त्यांनी घेतलं नाही. पंतांच्या मते हा त्यांचा मोठेपणाच होता. लोकांना नाव ठाऊकच होतं, त्यामुळे लोक हसले.

देवश्रीला एक पेन आणि एक प्रमाणपत्र मिळालं आणि तिच्या हातात माइक दिला गेला. तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती घाण नव्हती, आमचं चुकलं, मी ऐकलं होतं आणि तरी शिट्टी वाजवली. हे सगळं ती सांगणार होती. समोर आजोबा बसले होते, अभिमानानं मान ताठ करून. समितीतल्या बाई कौतुकानं हसत होत्या. देवश्रीनं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, “धन्यवाद.”

टाळ्या वाजल्या. पुनम खाली बघत होती. सोमेश्वरनं प्रमाणपत्राची सुरळी करून ती मागे धरली होती. हळूहळू टाळ्या थांबल्या, तरी मागून एक टाळी चालूच राहिली. देवश्रीनं मान वर करून पाहिलं. व्हरांड्यात पुजाच्या मागे उभ्या राहून केशरमावशी टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून. अंगठ्याची शाई अजून ओली होती, म्हणून तो तेवढा त्यांनी लांब धरला होता.